चुंबळीवरच्या चार मेणबत्त्या

बऱ्याच दिवसांनी लिहितेय. निमित्त लेकीच्या फोनचं. ती नोकरीसाठी बेंगळुरूला असते, पीजीमध्ये राहते. आगमनकाळ तोंडावर आला की तिचा फोन ठरलेला, "मम्मा, चुंबळ केलीस का?" यंदा मात्र तिने वेगळंच विचारलं. "इथे खोलीत मेणबत्ती पेटवायला परवानगी नाही. बॅटरीवरच्या मिळतात, त्या चालतील का? की मग करूच नको?"

मी म्हटलं, "थांब, पपांना विचारते."

पपा म्हणजे माझे सासरे. (ते हा ब्लॉग वाचतात, तेव्हा त्यांच्याविषयी जे काही लिहीन ते जरा जपूनच. :-)) हा प्रश्न त्यांच्याकडेच जायला हवा होता, कारण २००४ साली याच टेबलापाशी उभं राहून त्यांनी मला विचारलं होतं, "प्रार्थना अजून किती लहान करणार आहेस?"

जे ख्रिस्ती नाहीत अशा वाचक मित्रमंडळींसाठी थोडं आधी सांगते. नाताळच्या आधीचे चार रविवार धरून जे दिवस येतात तो आमचा आगमनकाळ, इंग्रजीत ॲडव्हेंट. वाट पाहण्याचे दिवस. पहिला रविवार २७ नोव्हेंबर ते ३ डिसेंबर यांच्या दरम्यान कधीतरी पडतो, त्यामुळे हा काळ कधी २८ दिवसांचा असतो तर कधी अवघ्या २२. या दिवसांत हिरव्या पाल्याचं एक गोल कडं करायचं, त्यात चार मेणबत्त्या लावायच्या. पहिल्या आठवड्यात एक पेटवायची, दुसऱ्यात दोन, असं करत चौथ्या आठवड्यात चारही. तीन जांभळ्या आणि एक गुलाबी. गुलाबी तिसऱ्या रविवारची, कारण तो आनंदाचा रविवार. काही जण मधोमध पाचवी पांढरी ठेवतात, ती नाताळच्या रात्रीची. याला म्हणतात ॲडव्हेंट रीथ.

आमच्या शेजारच्या काकूंना हे समजावून सांगावं लागलं नव्हतं. पहिल्याच वर्षी त्या बघून म्हणाल्या, "म्हणजे आमच्या मार्गशीर्षातल्या गुरुवारांसारखंच की. आमचे गुरुवार, तुमचे रविवार." त्यांच्याकडे घट मांडलेला असतो, कहाणी वाचतात, शेवटच्या गुरुवारी उद्यापन. तिथी आणि तारखा पुढेमागे होतात, पण बहुतेक वर्षी दोन्ही घरांत एकाच सुमाराला दिवे लागतात.

पपांना मात्र समजावून सांगावं लागलं. आणि ते पटलं नाही.

पपा मूळचे वसईचे. रसायनीच्या कारखान्यात नोकरी लागली म्हणून इकडे आले आणि मग पनवेलला घर केलं. माझं माहेरही वसईचंच, गाव वेगळं. आमच्या दोन्ही घरांत संध्याकाळची जपमाळ म्हणजे सूर्य मावळण्याइतकीच ठरलेली गोष्ट. चर्चची घंटा झाली की हातपाय धुवायचे, वेदीसमोर गुडघे टेकायचे. सुरुवातीच्या तीन आणि मग पाच रहस्यांच्या दहा-दहा, अशा त्रेपन्न नमो मरिया. मग लितानी, मग मेलेल्यांसाठी प्रार्थना, मग सगळ्या मोठ्यांचा आशीर्वाद घ्यायचा. पोरं पेंगायची. पण चुकवायची कुणाची टाप नव्हती.

१७३९ साली मराठ्यांनी वसई जिंकल्यावर पोर्तुगीज पाद्री निघून गेले, मागे मोजके देशी धर्मगुरू उरले. त्या काळात माणसं टिकली ती घरच्या जपमाळेवर, असं आमच्याकडे जुनी माणसं सांगत. १९५०च्या दशकात फादर पॅट्रिक पेटन या आयरिश-अमेरिकन धर्मगुरूंचे रोझरीचे मेळावे जगभर भरले, ते भारतातही आले. जे कुटुंब एकत्र प्रार्थना करतं ते एकत्र राहतं, हे त्यांचं वचन कितीतरी ख्रिस्ती घरांच्या भिंतीवर आजही सापडेल. पपांच्या घरी होतंच. ते वाचत वाचतच ते मोठे झाले.

आणि मी लग्न होऊन आले ते पनवेलला. १९९८ साली हार्बर लाइनची लोकल पनवेलपर्यंत आली तेव्हा आम्हा सगळ्यांना केवढा आनंद झाला होता! त्या लोकलनेच संध्याकाळ खाल्ली, हे नंतर कळलं. माझा नवरा सीएसटीहून निघून घरी टेकेपर्यंत नऊ वाजत. मी वाशीहून साडेसातला. मुलांचा अभ्यास, स्वयंपाक. जपमाळ आधी रोजची होती, मग शनिवार-रविवारची झाली, मग मे आणि ऑक्टोबर हे मरियामातेचे महिने तेवढे उरले. पपा आणि मम्मी दोघंच रोज त्यांच्या खोलीत म्हणत. दार लोटलेलं असे, पण आवाज ऐकू यायचा. स्वयंपाकघरात भाजी परतताना तो आवाज ऐकणं किती जड जातं, हे ज्यांनी ऐकलंय त्यांनाच कळेल.

म्हणून २००४ च्या नोव्हेंबरात मी ठरवलं की निदान आगमनकाळात तरी रोज सगळे एकत्र बसू. दहा मिनिटं. एक मेणबत्ती, बायबलचा एक उतारा, एक गाणं, एक छोटी प्रार्थना. शाळेत सिस्टरांकडे पाहिलेली रीथ डोक्यात होती.

पपांचा पहिला आक्षेप शब्दालाच. "रीथ? ती तर मयताला नेतात." खरंच होतं ते. आपल्याकडे रीथ म्हटलं की शवपेटीवरचं फुलांचं कडंच डोळ्यांसमोर येतं.

दुसरा आक्षेप खरा होता. "त्रेपन्न नमो मरियांच्या जागी चार मेणबत्त्या? आणि त्यातली एकच पेटवायची?"

मी गप्प बसले. मदतीला धावली ती आजी, पपांची आई. ती तेव्हा वसईहून आमच्याकडे राहायला आली होती. मी थर्माकोलचं कडं कुठे मिळेल म्हणून विचारत होते, तर ती म्हणाली, "त्याला काय, चुंबळ वळ की!" तिने उभा जन्म वाडीतली भाजी टोपलीत घालून डोक्यावरून बाजारात नेलेली. जुनी सुती साडी घेऊन तिने दोन मिनिटांत अशी घट्ट चुंबळ वळून दिली की बस्स. तिच्यावर आम्ही सुरूच्या फांद्या दोऱ्याने बांधल्या. नवऱ्याने त्या अलिबागच्या किनाऱ्यावर पडलेल्या उचलून आणल्या होत्या. जांभळ्या मेणबत्त्या तेव्हा पनवेलच्या बाजारात मिळाल्या नाहीत, म्हणून पांढऱ्यांना जांभळी रिबीन बांधली. तेव्हापासून आमच्या घरात रीथ हा शब्द कुणी काढत नाही. आमच्याकडे ती चुंबळच.

पहिले दोन आठवडे छान गेले. पपा येत नव्हते. तिसऱ्या आठवड्यात सुरू वाळून कडकडीत झाला होता, आणि गुलाबी रिबिनीच्या मेणबत्तीने तो पकडला. सुरू असा पेटतो, हे मला खरंच माहीत नव्हतं. मुलं किंचाळली. पपा आपल्या खोलीतून धावत आले आणि तांब्याभर पाणी ओतलं. टेबलावरचा काळा डाग अजून आहे. ते काही बोलले नाहीत. तेच जास्त लागलं.

पुढच्या वर्षी मी जिद्दीला पेटले. आधी व्यवस्था बदलली. परातीत ओली वाळू, तिच्यात मेणबत्त्या खोचायच्या आणि चुंबळ बाहेरून. पाला दर शनिवारी ताजा. आणि दुसरं म्हणजे, ही प्रथा किती जुनी, किती पवित्र, किती आपली आहे हे पपांना दाखवून द्यायचं म्हणून सायबर कॅफेत जाऊन शोधायला बसले. त्या आणि नंतरच्या वर्षांत जे हाती लागलं ते इथे एकत्र सांगते.

आधी वाटलं होतं की हजार वर्षांपूर्वीचं काहीतरी सापडेल. आगमनकाळ स्वतः तसा जुना आहेच. पाचव्या शतकात फ्रान्समधल्या तूर शहराचे बिशप पर्पेच्युअस यांनी संत मार्टिनच्या सणापासून नाताळपर्यंत आठवड्यातून तीन दिवस उपास सांगितला होता. म्हणजे तेव्हाची वाट पाहणी ११ नोव्हेंबरपासून, आणि उपाशीपोटी. रोममध्ये ती पुढे चार आठवड्यांवर आली.

पण मेणबत्त्यांचं कडं? त्याचा ठाम माग लागतो तो थेट १८३९ पर्यंतच. आणि तो लागतो एका लुथरन पाळकापाशी! कॅथलिक नाहीच. जर्मनीतल्या हॅम्बुर्ग शहराबाहेर योहान हिनरिक विखर्न यांनी १८३३ मध्ये 'राउहेस हाउस' नावाचं घर सुरू केलं होतं. गिरण्या-कारखान्यांच्या त्या काळात रस्त्यावर आलेल्या गरीब मुलांसाठी. तिथे मोठी बराक नव्हती. दहा-बारा मुलांचं एक 'कुटुंब' करायचं आणि त्यांच्याबरोबर एक मोठा माणूस राहायचा, अशी पद्धत. ज्यांना घर नव्हतं त्यांना घराची सवय लावायची, हा हेतू.

ही मुलं रोज विचारून विचारून भंडावत, की नाताळ कधी? म्हणून विखर्न यांनी एक जुनं गाडीचं चाक घेतलं, त्यावर २० लहान लाल मेणबत्त्या आणि ४ मोठ्या पांढऱ्या लावल्या. रोज प्रार्थनेच्या वेळी एक लाल, रविवारी एक पांढरी. मुलं मेणबत्त्या मोजत आणि मोजता मोजता मोजणीही शिकत. १८३९ साली आगमनकाळाचा पहिला रविवार १ डिसेंबरला होता, म्हणून बरोबर २४ मेणबत्त्या. (२०२४ साली अगदी तसाच योग आला होता.) हिरवा पाला नंतर आला, १८६०च्या सुमाराला.

मग ते चाक लुथरन घरांकडे निघालं. घरच्या टेबलावर चोवीस मेणबत्त्या कुठे मावणार? आणि परवडणार तरी कुणाला? लहान मेणबत्त्या गळाल्या, रविवारच्या चार उरल्या. १९२५ मध्ये कोलोनच्या एका कॅथलिक चर्चमध्ये ते पहिल्यांदा टांगलं गेलं, १९३० मध्ये म्युनिकला. जर्मनीतून अमेरिकेत गेलेल्या कॅथलिक कुटुंबांनी ते आपल्याबरोबर नेलं. 'साउंड ऑफ म्युझिक' सिनेमातली मारिया आठवते ना? खऱ्या मारिया फॉन ट्रॅप यांनी १९५५ साली घरातल्या सणवारांवर पुस्तक लिहिलं, त्यात आगमनकाळ आणि हे कडं येतं. अमेरिकेत त्याला चर्चच्या वस्त्रांचे जांभळा-गुलाबी रंग चढले आणि तिथून इंग्रजी पुस्तकं, पत्रकं, सिस्टरांच्या शाळा अशा वाटेने ते आमच्याकडे पोचलं.

म्हणजे मी 'आपलं, जुनं' म्हणून जे दाखवायला निघाले होते ते जेमतेम पावणेदोनशे वर्षांचं, आणि कॅथलिक चर्चमध्ये येऊन त्याला शंभर वर्षंही झाली नव्हती. हे पपांना सांगावं कसं! खोटं कशाला बोलू, ते संपूर्ण आगमनकाळ मी पपांपासून लपवून ठेवलं. :-)

पण त्यातलीच एक गोष्ट मला सोडेना. ते चाक मोठं होतं तोवर एका संस्थेच्या प्रार्थनागृहातच राहिलं. घराघरात गेलं ते लहान झाल्यावर. चोवीसच्या चार झाल्या, म्हणूनच ते हॅम्बुर्गहून निघून पनवेलच्या एका टेबलापर्यंत येऊ शकलं.

मग मी उलट बाजूने जपमाळेचाच इतिहास बघायला लागले. मठांतले साधू स्तोत्रसंहितेतली १५० स्तोत्रं म्हणत. शेतात राबणाऱ्या, वाचता न येणाऱ्या माणसांना ती कशी जमणार? म्हणून त्यांनी मणी मोजत १५० वेळा प्रभूची प्रार्थना म्हणायला सुरुवात केली, पुढे नमो मरिया. जपमाळेला म्हणूनच 'मरियामातेचं स्तोत्रपुस्तक' म्हणत. दीडशेचे पन्नास-पन्नासचे तीन भाग झाले, कारण कामाच्या माणसाला रोज दीडशे झेपत नाहीत. १५६९ मध्ये पोप पायस पाचवे यांनी तिचं रूप पक्कं केलं. पुढे २००२ मध्ये पोप जॉन पॉल दुसरे यांनी प्रकाशाची पाच रहस्यं जोडली, तरी घरात एका वेळी म्हणायची ती पाचच.

म्हणजे पपांच्या त्रेपन्न हीसुद्धा एका मोठ्या प्रार्थनेची लहान आवृत्तीच! कुणा साध्या घराला झेपावी म्हणून केलेली.

२००६ च्या नोव्हेंबरात धीर करून मी हे सगळं त्यांना सांगितलं. विखर्न प्रोटेस्टंट होता हेसुद्धा. मला वाटलं, आता संपलं. पपा थोडा वेळ काही बोलले नाहीत. मग त्यांनी १९६४ ची गोष्ट काढली. पोप सहावे पॉल मुंबईला आले होते, २ ते ५ डिसेंबर, म्हणजे आगमनकाळाच्या पहिल्याच आठवड्यात. ओव्हल मैदानावरच्या त्या जागतिक परिषदेला चौदा वर्षांचे पपा वसईहून गावकऱ्यांबरोबर गेले होते. गर्दीत पोपचा फक्त हात दिसला, असं ते सांगतात. त्याच भेटीत इतर धर्मांच्या प्रतिनिधींसमोर बोलताना पोपनी बृहदारण्यक उपनिषदातली प्रार्थना म्हटली होती, अंधारातून प्रकाशाकडे ने म्हणणारी. पपांनी हे नंतर वाचलेलं. ते म्हणाले, "पोपना उपनिषदातला उजेड चालला, तर मला त्या हॅम्बुर्गवाल्याचा चालायला हवा."

मग म्हणाले, "पण माझा प्रश्न तो नव्हताच. कुणाची आहे हे मी विचारलं नव्हतं. कमी किती करायचं हे विचारलं होतं. लहान करायचं म्हणतेस, ठीक. पण कमी करत करत एक दिवस काहीच उरत नाही, त्याचं काय?"

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. लोकलने खाल्लेल्या संध्याकाळी मला आठवत होत्या. रोजची जपमाळ शनिवार-रविवारची झाली तेव्हाही आम्ही 'सध्यापुरतं' असंच म्हटलं होतं.

तोडगा त्यांनीच काढला. पहिल्या आठवड्यात एक मेणबत्ती, तर जपमाळेचं एक रहस्य. दुसऱ्यात दोन मेणबत्त्या, दोन रहस्यं. चौथ्यात चार. आणि नाताळच्या रात्री मधली पांढरी पेटली की पाचवं. म्हणजे उजेड वाढेल तशी प्रार्थनाही वाढायची. हिशेबनीस माणूस! वार कुठलाही असो, आगमनकाळभर आनंदाची रहस्यं. माझ्या धाकट्याने पुढे एकदा शंका काढली की आनंदाच्या रहस्यांतलं तिसरं म्हणजे येशूचा जन्म, मग तिसऱ्या आठवड्यातच नाताळ झाला की! पपा म्हणाले, "असू दे. गुलाबी मेणबत्तीला आनंद नको का?"

त्या वर्षापासून ते चुंबळीशी बसायला लागले. ते आले तशी त्यांच्या खोलीतली जपमाळ आमच्या टेबलाशी आली. पहिल्या आठवड्यात एकच रहस्य झालं की आम्ही उठायचो, ते आणि मम्मी बसून उरलेली चार संपवायचे. पण आता दार लोटलेलं नसायचं. हळूहळू कधी मी, कधी मुलगी, त्यांच्याबरोबर बसून राहायला लागलो. रोज नाही. कधी कधी. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६४ च्या नोव्हेंबरात, पोप मुंबईला येण्याच्या जेमतेम दोन आठवडे आधी, कुटुंबाला 'घरातलं चर्च' म्हटलं होतं. ते मी कितीदा ऐकलं होतं, पण त्या उघड्या दाराशी बसून ते जरा कळलं.

मग २०२०. ईस्टर घरात बसून गेला. महाराष्ट्रातली प्रार्थनास्थळं १६ नोव्हेंबरला उघडली, आगमनकाळ २९ ला सुरू झाला. पण पपा सत्तरीचे आणि छातीचं दुखणं, आम्ही त्यांना चर्चला जाऊ दिलं नाही. २२ डिसेंबरपासून महापालिका हद्दीत रात्री अकराची संचारबंदी लागली, आपलं पनवेलही त्यात आलं. मध्यरात्रीची मिस्सा नाही, हा त्यांच्या आयुष्यातला पहिलाच नाताळ. त्या रात्री पांढरी मेणबत्ती त्यांनी पेटवली. पाचवं रहस्य झाल्यावर त्यांनी आजीची आठवण काढली, तिने वळलेल्या चुंबळीची. आजी आता नाही. ती साडी तीच आहे, वरचं कापड मी दोनदा बदललंय.

चौथा आठवडा कधी कधी फसवतो. २०२३ मध्ये चौथा रविवारच २४ डिसेंबरला आला, म्हणजे चार मेणबत्त्यांची एकच संध्याकाळ. पपा म्हणाले होते, "यंदा देवाने सूट दिली." तेही चेष्टा करायला शिकले म्हणायचे!

तर लेकीचा प्रश्न. रात्री जेवताना मी पपांना विचारला. बॅटरीच्या मेणबत्त्या चालतील का?

त्यांनी बराच विचार केला. मला वाटलं, आता ते २००४ सारखे बघतील माझ्याकडे. त्यांनी फोन मागितला आणि तिच्याशी स्वतःच बोलले.

"बॅटरीची लाव, नाहीतर नुसता कागद गोल कापून भिंतीला चिकटव, मला चालेल. पण रहस्य बॅटरीवरचं नको. ते तोंडाने म्हणायचं. एकटीला कंटाळा आला तर नऊ वाजता फोन कर, आपण दोघं म्हणू."

"रोज?" ती.

"तू रोज कर. उचलायला मी आहेच."

या शनिवारी सुरू आणायला जायचंय. परात घासून ठेवली आहे. बेंगळुरूचा फोन रोज येईल की पहिल्या आठवड्यानंतर शनिवार-रविवारचा होईल, कोण जाणे. पपा मात्र नऊच्या आधी जेवून घ्यायचं म्हणतात.